सर्वकालीन सात

मंडळाला पंच्याहत्तर झाली.
कमिटीने ठरवलं, फलक लावायचा,
काळा ग्रॅनाइट, सोनेरी अक्षरं, सात नावं.
आठवं बसत नाही.
कारागीर अक्षरावर पैसे घेतो.

एकेचाळीस वर्षं गुणपत्रक माझ्या मांडीवर,
म्हणून यादी माझ्याकडे.

पहिल्याला कुणाची ना नाही. कोचरेकर, डावा कोपरा.
त्याने घोटा धरला की
चढाईवाल्याची आई गावाला दचकून उठायची.
मग एकनाथ बेंडल.
लोण चढवून परतायचा तो
चपला शोधत असल्यासारखा, खाली मान घालून.
शिवगण भाऊ दोघेही,
एकाला वगळून नायगावात राहायचं कुठे?
साखळी धरायचे ते हात,
आता नऊ वर्षं बोलत नाहीत.
फलकावर मी त्यांना शेजारी बसवलं.
पास्कल, जो मिस्सा चुकवून फायनल खेळला
आणि कप घेऊन थेट पाद्रीपुढे उभा राहिला.
वसंत धुरत. त्याची बायको म्हणते,
दोन्ही गुडघे तुमच्या वहीतच ठेवून आले.

सातव्यावर चहा तीनदा आला.
वही म्हणते, गोलतकर. दोनशे बारा गुण.
मी म्हणालो, हुसेन परकार.
खजिनदार हसला. परकारचे किती?

चौदा. मीच लिहिलेत.

पण सत्त्याहत्तरची फायनल, प्रभादेवीचं मैदान,
शेवटचं मिनिट, आघाडी एका गुणाची.
त्यांचा गडी रिकामा परतला,
पंचांनी मान हलवली, काही नाही.
आणि उजव्या कोपऱ्यातून परकार
स्वतःच हात वर करून बाहेर चालू लागला.
नख लागलं, म्हणाला. कानामागे.

बरोबरी. जादा वेळेत हरलो.
त्या रात्री त्याला कुणी भुर्जीपाव विचारला नाही,
मीसुद्धा.
तो गुण मी समोरच्यांच्या रकान्यात भरला,
दुसरा रकाना वहीत नव्हता.

गोलतकर लागला. नियमाने बरोबर आहे,
अक्षरंही छान उठलीत.

उद्घाटनाला परकार आला, नातवाचा खांदा धरून.
पोरगं बोट लावत वाचत गेलं, वरून खाली,
सातव्यापाशी थांबलं.
दादा, तुम्ही कुठे?

बाद झालो होतो रे, म्हणाला,
आणि हात वर केला,
कानापर्यंत. आता तेवढाच जातो.