पाव तोळा

विजापूर वेशीत गौसभाईंनी काचेची कांडी
माझ्या मनगटावर टेकवली. घासू नका म्हणाले,
घासलं की फूल मरतं.
आधी काहीच नाही. मग कडू, हिरवं,
मोडलेल्या देठासारखं.
"सरळ मोगरा द्या की," मी म्हटलं.
"मोगरा जिन्यातूनच ओरडतो, बाई.
हे जवळ येईल त्यालाच सांगतं."

कारखान्यात अकरापर्यंत ते गप्प.
मागांची खडखड, खळीचा आंबूस वास,
मशीनचं तेल, पत्र्याखाली त्रेचाळीस डिग्री.
चादरी मोजत होते, छत्तिसावीला
घाम पुसायला हात कपाळाशी गेला
आणि बुचाची फुलं,
रेल्वे क्वार्टरच्या वाटेवर सकाळी पडलेली,
लांब देठाची, कोणी न वेचलेली.
दोन मिनिटं. मग पुन्हा खळ.
छत्तीस की सदतीस, विसरले;
पहिल्यापासून मोजलं.

जेवणानंतर फूल खाली बसलं.
राहिलं ते दगडफूल,
काळ्या मसाल्याचं तेल तापण्याआधी
डब्यात असतं तसं, कोरडं, मुकं.
आणि त्याच्याही खाली ओल.
कुठली, ते लागेना.
किल्ल्याच्या भिंतीची, तलावाकडच्या बाजूची?
तीसुद्धा मेमध्ये पापुद्रे होऊन गळते.

चार वाजता नरसम्मा कांड्या न्यायला आली,
माझ्या खांद्याशी वाकली, तिथेच थांबली,
"तुमच्याकडं आज पाणी सुटलंय काय?"

हसू आलं, रागही. अडीचशे रुपये मोजले होते.
पण बरोबर होतं तिचं.
पाचव्या दिवशी, पहाटे तीनला,
नळ आधी नुसती हवा खोकतो,
मग हौदाच्या आतल्या शेवाळावरून
पहिली धार घसरते
आणि बादल्यांच्याही आधी
अंधारात जो येतो, तो वास.

"नाही गं, उद्या पाळी आमची."
मनगट पुढे केलं. तिने नाक लावलं
आणि बराच वेळ काढलं नाही.
तिच्या केसांत कापसाची बारीक रुई,
बोटांना निळा रंग.
काय लावलंय, हे तिने विचारलं नाही.

रात्री पोलक्याच्या बाहीत थोडं उरलं होतं,
शोधलं तर सापडेल इतकं.
धुवायला टाकलं नाही.
तसंही, पहाटेपर्यंत
पाणी कुठं होतं.