हजार तास

रबाळ्याला आमच्या लॅबमध्ये एक भट्टी आहे.
रबरी सील तिच्यात टांगायचं, शंभर अंशांवर, हजार तास.
बेचाळीस दिवसांनी बाहेर काढलं
की ते दहा वर्षांचं म्हातारं धरायचं.
मी ते चिमट्यात पकडून वाकवते.
तडा दिसला, नापास.
एकवीस वर्षं हेच करतेय,
आणि गाडी कुठल्या कंपनीची घ्यावी
हे मला ठरवता येत नाही.

वाशीच्या शोरूममधला ऋत्विज
दार लावून दाखवतो. "आवाज ऐका, मॅडम."
आवाज छान आहे. नव्या दाराचा असतोच.
मी विचारते, "याची रबरं कोण पुरवतं?"
तो छत उघडून आकाश दाखवतो.

तुर्भ्याला दाऊद मुकादमच्या गॅरेजात
एका कंपनीच्या खोक्यांवर बोटभर धूळ.
म्हटलं, "म्हणजे हिचं काही बिघडतच नाही?"
"किंवा हिला कोणी घेतच नाही," तो म्हणाला.
"माझ्याकडे आजारी येतात, बाई.
ज्या येत नाहीत त्या ठणठणीत आहेत की मेल्या,
मला काय ठाऊक?"
मग हात पुसता पुसता:
"पार्ट तुटतो, सगळ्यांचाच तुटतो.
तो यायला किती दिवस लागतात, ते विचारा."

बुधवारी रजा टाकली.
आरटीओच्या फाटकाबाहेर उभी राहिले,
जिथे पंधरा वर्षं भरलेल्या गाड्या
आणखी पाच मागायला येतात.
वहीत कंपनीवार रेघा,
चार उभ्या, पाचवी आडवी.
दुपारपर्यंत एकसष्ट. त्यांतल्या चौतीस एकीच्याच.
जिंकले, असं वाटलं.
मग उसाचा रस पिताना लक्षात आलं,
तेव्हा खपतही तीच होती सगळ्यांत जास्त.
छेद माझ्याकडे नव्हताच,
नुसते अंश मोजत बसले होते उन्हात.

रांगेत जुईनगरचे कोयंडे होते.
जुन्या पायजम्याच्या फडक्यानं बॉनेट पुसत म्हणाले,
"पंधरा वर्षं. एकदाही दगा नाही."
मांडीवर फाईल. प्रत्येक बिल, प्रत्येक ऑइल,
तारखा लाल शाईत.
मी पानं उलटली.
खाडीच्या वाऱ्यानं खालचा पत्रा दोनदा खाल्लेला,
क्लच एकदा, रेडिएटर ऐन गणपतीत, चिपळूणच्या अलीकडे.
"हा दगा नाही?"
"छे हो," ते म्हणाले, "हे म्हणजे आपलं... वय."

आता सांगा, टिकली कोण?
कंपनी, की कोयंडे?
शिवाय ज्या कारखान्यात ती बनली
तो म्हणे कधीच बंद झाला.
इंजिन आता दुसऱ्याचं, पत्रा तिसऱ्याचा,
आडनाव तेवढं तेच.
सासरचं नाव ऐकून मुलगी द्यावी
आणि घरात सगळी माणसं नवीनच निघावीत,
तसं.

घरी लेक विचारते, रंग कुठला?
नवरा विचारतो, मायलेज?
मी म्हणते, कर्ज सात वर्षांचं, हमी पाचाची.
मधल्या दोन वर्षांना काय म्हणायचं?
कोणी उत्तर देत नाही. वरण उतू जातं.

आमच्या भट्टीत ऊन असतं, वय असतं,
पण मंगळवार नसतो.
पावणेनऊला ऐरोलीच्या सिग्नलवर
पाठीमागून वाजणारा टँकर नसतो,
चुकवता चुकवता चुकलेला खड्डा नसतो,
सर्व्हिसिंग पुढच्या महिन्यात करू म्हणणारी
मी नसते.

शनिवारी पुन्हा शोरूमला गेले.
ऋत्विज किंमत सांगत होता, बारा हजार कमी करून.
मी दार उघडलं, खाली वाकले,
उंबऱ्यापाशी जिथे कोणी बघत नाही
तिथलं रबर चिमटीत धरलं
आणि वाकवलं.
तडा नाही.
नसणारच, चार महिन्यांचं आहे.

"काही प्रॉब्लेम आहे का, मॅडम?"
नाही, म्हटलं.
बोटांना नव्या रबराचा वास लागला होता.
ओळखीचा आहे माझ्या.
हजार तासांत जातो.