छप्पन्न की साठ

खारघरच्या डोंगरावरनं ऊन अजून खाली आलेलं नाही.
सहाव्या ग्रीनच्या अलीकडे, वीसेक पावलांवर,
कोटणीस साहेबांचा चेंडू ओल्या गवतात
कोंबडीखालच्या अंड्यासारखा, अर्धाच दिसतोय.

साहेब न बघता हात मागे करतात.
"साठ दे, पदाजी."

साठ म्हणजे आभाळाकडे तोंड केलेली काठी.
चेंडू उभाच्या उभा वर जातो,
वर जाऊन जरा विचार करतो
आणि पडेल तिथंच बसतो.
जमलं तर.
नाहीतर पातं चेंडूच्या पोटात लागतं
आणि तो थेट पलीकडच्या ओढ्यात.

छप्पन्न खालून फुगीर,
मामाच्या होडीच्या बुडासारखी,
चिखलावरनं सरकते, वाळूत रुतत नाही.
बावन्न मधला भाऊ, कुणी हाकच मारत नाही.
आणि पिचिंग वेज, सगळ्यांत साधी:
चेंडूला कडेवरून उतरवते
आणि म्हणते, जा आता चालत.

ओव्याच्या शाळेमागं आम्ही गोट्या खेळायचो.
गलीत गोटी घालायला
कुणी कधी ती आभाळात उडवली नाही.

पण कॅडीला विचारल्याशिवाय बोलायचं नसतं.
मेनन साहेब झेंडा धरून उभे, घड्याळ बघतायत.
अन् मला दिसतोय
हातमोज्यातला तो डावा अंगठा,
दिवाळीनंतर, दवाखान्यातनं आल्यापासून
थांबतच नाही.
पहिल्या होलवर मोज्याची पट्टी मीच लावून दिली.
दोघंही तेव्हा तळोज्याकडच्या धुराकडे बघत होतो.

"साठला चिखल लागलाय, साहेब," मी म्हणालो,
"पुसायची राहिली."
आणि पिचिंग हातात दिली.

त्यांनी पात्यावरचं अक्षर वाचलं.
मग मला वाचलं.
टिटवी ओरडून गेली, तेवढा वेळ.

टक्.
चेंडू गुडघाभर उडाला, टेकला,
उताराचं ऐकत, दव उडवत,
गवतावर एक काळी रेघ ओढत गेला.
भोकाला विचारलंदेखील नाही,
दोन हात पुढे जाऊन थांबला.

"लांब गेला," मेनन साहेब म्हणाले.

कोटणीस साहेबांनी काठी परत दिली,
मूठ माझ्याकडे करून.
"उद्या साठ पुसून आण."

हो म्हणालो.
पिशवीत, टॉवेलाखाली, साठ लखलखत होती.
पहाटे पाचलाच पुसली होती मी,
बायकोच्या जुन्या ओढणीनं.
टॉवेल जरा आणखी खाली ओढला
आणि पटर काढून दिला.