जवसाचं तेल

चाळीस वर्षं मी गाड्या नव्या करतो.
आरमोरीच्या नाक्यावर, रसवंतीच्या मागे,
टिनाच्या शेडवर माझ्याच हाताने लिहिलंय:
डेंटिंग, पेंटिंग, गॅरंटी.
आणि ही बाई म्हणते,
"रंगाले हात नोका लावू, जी."

जीप टोचन करून आणलेली, धानोऱ्याहून.
बॉनेटवर चिमण्यांची शिट, टायर चिरलेले,
टपाच्या कापडाची फक्त बटनं उरलेली.
दारावर पुसट पांढरी अक्षरं: हिवता
पुढचा प कुठल्याशा बाभळीने खरवडून नेला.

तिचे वडील कवडू मोहुर्ले,
फवारणीच्या गाडीवर ड्रायव्हर.
मुरूमगाव, गोडलवाही, पेंढरी,
रस्ता संपला की तिथून त्यांचं काम सुरू.
लिलावात जीप निघाली तेव्हा
पेन्शनीच्या पैशातून त्यांनीच घेतली.
बायकोने दोन महिने अबोला धरला.

"हे पाहा," ती म्हणाली.
दाराच्या कडेवर वीतभर जागा.
हिरवा गेलेला, खालचा तांबडा प्रायमर गेलेला,
लोखंड झिजल्या नाण्यासारखं गुळगुळीत.
"इथं बाबाचं कोपर राहे."

मडगार्डवर पांढरे ठिपके होते.
हे तरी घासून काढतो, मी म्हटलं.
"ते डीडीटी होय. राहू द्या."

गंज दोन जातींचा असतो.
माहीत होतं मला, पण या धंद्यात कधी कामी आलं नाही.
एक खातो.
दुसरा नुसता येऊन बसतो
पानठेल्याच्या बाकावरच्या म्हाताऱ्यासारखा,
काही मागत नाही, उठतही नाही.
खाणारा मी शोधून काढला,
चेसिसच्या पोटात, चटईखाली, बॅटरीच्या खणात.
तिथे तारेचा ब्रश, तिथे वेल्डिंग,
वरून कोणाला कळणार नाही असं.
बसलेल्याला बसू दिलं.

लोमेश, माझा पोट्टा,
दोनदा सँडर घेऊन आला, दोनदा मी काढून घेतला.
"वस्ताद, मंग आपन करून काय रायलो?"
"पुसून रायलो."

कोमट पाणी, रिठा, जुनं धोतर.
मग घाण्यावरचं जवसाचं तेल,
उकळून, थोडं टर्पेंटाइन घालून,
चिंधीने इतकं पातळ
की लावलं का नाही, असं वाटावं.
खडूसारखा भुरका झालेला हिरवा
हळूहळू जागा झाला.
नवा नाही. नवा कुठे होतो कोणी.
मेच्या धुळीतलं पळसाचं पान
बोटाने पुसल्यावर दिसतं, तसा.

तिसऱ्या दिवशी मागच्या पत्र्यापाशी पोचलो.
एक वाकडा चौकोन. रंग पोपटी.
ब्रशचे फराटे उघडे,
एक केस रंगातच सुकून बसलेला.
मी ओळखला.
सतरा वर्षांचा होतो, धानोऱ्याच्या बसस्टँडमागे,
वस्ताद चहाला गेलेला,
आणि मी पिवळा जास्त ओतला.
काळ्या, लांब हाताच्या ड्रायव्हरने वाकून पाहिलं,
हसला.
"बेस झालं. गर्दीत मागून ओळखू येईन."
बारा रुपये दिले, वर एक बिडी.

सँडर हाताशीच होता.
लोमेश जेवायला गेलेला.
दोन मिनिटांचं काम.

चिंधी तेलात बुडवली.

संध्याकाळी ती आली, गाडीभोवती एकदा फिरली,
चौकोनापाशी थांबली.
"हे कोनं केलं असन? केवढा खराब हात!"
"असन कोनी पोट्टा," मी म्हटलं.
तिने त्यावर तळहात टेकवला,
बराच वेळ.
"राहू द्या पन."

आता बिलबुक उघडून बसलोय.
शेडभर जवसाचा वास,
कोणी चटणी कुटायला बसल्यासारखा.
वेल्डिंगचे लिहिले, तेलाचे लिहिले.
रंगाच्या रकान्यात काय लिहू?
लोमेश म्हणतो,
निरंक लिहा.