दोन मिनिटं चाळीस सेकंद

गणेशखिंडीतली भाषा प्रयोगशाळा, अकरा नंबरचं खोकं.
हेडफोनच्या फोमला कुणाच्या तरी केसांच्या तेलाचा वास.
समोर कागद:
स्वतःचं इंग्रजी ऐका, स्वतःला गुण द्या.
उच्चार. ओघ. व्याकरण. आत्मविश्वास.
एक ते पाच.

बटण दाबलं
आणि कुणीतरी मुलगी खोकली.
मी मागे वळून पाहिलं.
मीच होते, मागच्या गुरुवारची.

इतकी बारीक बोलते मी?
जणू खिडकी बंद झाल्यावर कुणी अर्ज घेऊन उभं आहे
आणि आतल्या माणसाला विचारतंय,
जेवायची सुट्टी का?

'मायसेल्फ' म्हणाले नाही, एवढं बरं.
पहिल्याच तासाला मॅडमनी बजावलं होतं
तेव्हा साठ जणांनी आपापलं मायसेल्फ
मुकाट दप्तरात परत ठेवलं होतं.
ॲक्च्युअली मात्र चौदा वेळा.
कागदाच्या पाठीवर रेघा मारल्या, पोती मोजतात तशा,
दोन जुड्या आणि चार सुट्या.

अन्वयने सगळीकडे पाच लिहिले
आणि तो कॅन्टीनला गेलासुद्धा.
रेवणसिद्ध मैंदर्गीचा, बारा नंबरमध्ये,
त्याने चार वेळा ऐकलं
आणि चारही रकान्यांत एक.
म्हणाला, आपणच कमी दिले की
दुसऱ्याला कापायला काही उरत नाही.

कागदाच्या डोक्यावर छापलंय: दुसरी भाषा.
इथे माझं पेन अडतं.
दुसरी तर मराठी होती माझी,
पुसदच्या आश्रमशाळेत, पाटीवर थुंकी लावून शिकलेली.
ती घेऊन पुण्यात आले.
पहिल्याच रविवारी खाणावळीत म्हणाले, मी जेवून राहिली.
वाढणाऱ्या काकू थांबल्या:
जेवून राहिलीस, की जेवायची राहिलीस?
सगळं टेबल हसलं. मीही हसले, उशिरा.
मग दोन महिने होस्टेलच्या बेसिनपुढे
तोंडात फेस घेऊन,
जेवतेय, जेवतेय, जेवतेय.
त्या वेळी कुणी कागद दिला नव्हता.
गुण मात्र मिळत होते.

प्रश्न सोपा होता. घरातली एक वस्तू सांगा.
मी याडीचा फेटिया निवडला,
सणाला पेटीतून निघतो, डांबरगोळ्यांसकट.
एक मिनिट बारा सेकंदांवर
त्याच्यावरच्या आरशांशी पोचले
आणि शब्द नाही.
तांड्यावरून निघालेला, मराठीत गाडी बदललेला,
पुढे कुठे उतरला कळेना.
नऊ सेकंद.
मग मी म्हणाले,
स्मॉल स्मॉल ग्लासेस.

व्याकरणाच्या रकान्यात दोन लिहिले.
मग वाटलं, एका स्मॉलमध्ये
तेवढे आरसे मावले नसते.
दोनवर गिरवून तीन केले. आता ते धड दोनही नाही, तीनही नाही.

ओघ.
ते नऊ सेकंद परत ऐकले, आवाज वाढवून.
पंखा. कुणाची तरी खुर्ची.
बाहेर माळ्याच्या नळाचं पाणी.
आणि प्लायवुडपलीकडून, अगदी हळू,
मिर्रर.
थांबून पुन्हा, मिर्रर.
र वर वजन टाकून, सोलापूरच्याही पलीकडचा र.

त्या दिवशी माझ्या कानांवर हेडफोन होते.
मला काही कळलं नव्हतं.

मॅडम म्हणतात, पाच मिनिटं राहिली, नावं घाला.
बारा नंबरच्या खोक्यावर त्याचा कागद पालथा पडलाय.
उच्चार: एक.

मी पट्टी मागे सरकवते,
एक मिनिट बारा.