खुलासा

प्रति, माननीय जिल्हा शल्यचिकित्सक.
विषय: शीतसाखळी.
संदर्भ: आपली नोटीस, मुद्दे तीन,
उत्तर तीन दिवसांत.
महोदय, आज चौथा दिवस आहे.
काल ओपीडीला दोनशे बारा माणसं होती
आणि औषधाच्या खिडकीत मी एकटा.

मुद्दा एक. शासकीय लस मासळीच्या बर्फात ठेवली, हे खरे काय?
खरे आहे.
भातकापणी चालू होती. तिन्हीसांजेला
वीज पडली ती सड्यावरच्या डीपीवर.
जनरेटर होता, डिझेल नव्हतं.
डिझेलचं बिल मार्चपासून आपल्या कार्यालयात आहे;
जावक क्रमांक मागच्या बाजूला लिहिलाय.
लसीला हवी असते दोन ते आठ अंशांची थंडी,
दोनच्या खाली मरते, आठच्या वर मरते,
बाळंतिणीइतकी नाजूक.
रात्री नऊला फ्रीजचा काटा नऊवर आला
तेव्हा मी स्कूटरला पेटी बांधली
आणि जेटीवर गेलो.

बर्फ कारखान्यात उमाकांत कोयंडे बसला होता.
त्याने सुरमईच्या दोन क्रेट बाजूला ओढल्या,
सुऱ्याने लादी फोडली, वर भुसा टाकला.
पेट्यांना मासळीचा वास येतो,
असं आपल्या तपासनिसांनी नोंदवलंय.
येतो. मी दोनदा फिनेलनं धुतल्या.

मुद्दा दोन. बर्फाची पावती.
काल पुन्हा विचारलं त्याला. म्हणाला,
"बर्फ इरगाळलो मेस्त्रीनू, आता पावती कसली मागतास?"
हेच त्याचं निवेदन समजावं.

मुद्दा तीन. विनापरवानगी साठा हलवल्याने
रुग्णसेवेवर काय परिणाम झाला?
दुसऱ्या रात्री दर्शना घाडी आली,
दुसरं बाळंतपण, मूल होऊन वार पडलेली,
आणि रक्त थांबेना.
स्त्रीरोगतज्ज्ञाचं पद सहा वर्षं रिकामं आहे.
त्या खोलीत आम्ही सलाईनचे खोके ठेवतो.
रुग्णवाहिका दुसऱ्या पेशंटला घेऊन घाटात होती.
सिस्टर लुद्रिक एका हाताने पोट दाबत होत्या
आणि दुसऱ्या हाताची बोटं मला दाखवत होत्या:
दोन. अजून दोन.
मी जेटीवर गेलो, आलो.
कुपी तळहातावर गार होती, तिच्यावर एक खवला चिकटलेला.
तो मी शर्टाला पुसला.
डॉक्टरसाहेबांनी वास घेतला नाही.
पहाटे तिने चहा मागितला.
परिणाम एवढाच.

महोदय, खुलासा इथे संपतो.
पण आपण न विचारलेलं एक राहिलंय.

तिसऱ्या रात्री मी थर्मामीटर घेऊन
कारखान्यात स्टुलावर बसलो होतो,
दर अर्ध्या तासाने आकडा लिहीत.
साडेतीनला चार अंश लिहिल्याचं आठवतं.
मग बोटी आल्याच्या आवाजानेच जागा झालो.
पुठ्ठा घसरला होता,
धनुर्वाताच्या अकरा कुप्या थेट लादीला टेकलेल्या.
हलवून पाहिल्या. उजेडात धरल्या.
तळाशी साका बसला होता,
भाताच्या पेजेसारखा,
हलवला तरी मिसळत नव्हता.

वहीत चार ते सहा या वेळेचे आकडे
मला सहज भरता आले असते.
पाच. पाच. साडेचार.
कुणी पाहायला नव्हतं,
तपासनिसांचं बोटही त्या पानावरून पुढे गेलं.
ती जागा मी कोरी ठेवली आहे.

अकरा कुप्या म्हणजे एकशेदहा डोस.
कुणाचे ते मला ठाऊक नाही.
कोयतीने पाय कापलेला कुणी,
पायात शिंपला घुसलेली कालवं काढणारी,
त्या आठवड्यात खिडकीशी आले असतील
आणि मी म्हटलं असेल, सोमवारी या.

कारवाई करायची तर त्या कोऱ्या जागेबद्दल करावी.
बर्फाबद्दल नको.

सोबत: वहीची प्रत, पान सतरा.
पावती नाही.

आपला,
अ. वि. मेस्त्री
औषधनिर्माण अधिकारी
(स्टोअर, खिडकी, आणि शिपाई रजेवर असल्यास शिपाई)