बोअर क्रमांक सतरा

नाना पेठेतल्या शाळेच्या सभागृहात
सुनावणी साडेदहाची, पंखे बाराला लागले.
तोवर भिंतीवर दोन चित्रं लोंबत होती:
एकात गाडी डोक्यावरून, एकात पायाखालून.
झाडं दोन्हीत तीच,
एकाही पानावर धूळ नाही.

मी मागच्या रांगेत. पायाशी लाकडी पेटी,
पेटीत बोअर क्रमांक सतराचा दगड,
मनगटाएवढा जाड, कांडी कांडी,
उसासारखा ओळीने निजवलेला.

रणदिवे उठले. पाटबंधारे, निवृत्त.
फाईलची नाडी न सोडताच म्हणाले,
"खांब उभा राहिला की राहिला.
या शहरात उभं केलेलं कुणी पाडलंय?"
मागून आवाज: "विद्यापीठ चौकातला पूल विसरलात?"
रणदिवे बसले. मग पुन्हा उठले,
"तेच म्हणतोय मी."

वखारवाले ओसवाल म्हणाले, खालून जा, जरूर जा,
पण चार वर्षं माझ्या दारात खड्डा.
चार वर्षांत गिऱ्हाईक दुसरा रस्ता शिकतं,
आणि शिकलेला रस्ता
गिऱ्हाईक विसरत नाही.

साहेबांनी खर्च सांगितला, खालचा, वरच्याच्या अडीचपट,
डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेऊन सांगतात
तशा आवाजात.

रेहाना अत्तार तिसऱ्या मजल्यावरच्या.
"माझ्या खिडकीपासून गाडी किती लांब?"
"साडेसहा मीटर, मॅडम."
"मीटर राहू द्या.
दोरीवर काय वाळत घातलंय, ते दिसेल का आतून?"
साहेबांनी अहवाल चाळला.
दोनशे चाळीस पानं. परिशिष्टं वेगळी.

वर. खाली. वर. खाली.
मला आठवत होता यल्लप्पा विटकर,
रात्री दोन वाजता, याच चौकात,
मशीनच्या दांड्यावर तळहात टेकवून.
यल्लप्पा कानाने नाही, हाताने ऐकतो.
आधी डांबर, त्याखाली जुनं डांबर,
विटांचा चुरा, बांगडीची काच,
मग मुरूम, मग काळा.
अकरा मीटरवर तांबडा पट्टा, बोटभर:
एक लाव्हा निवाला, दुसरा यायचा होता,
त्या मधल्या फुरसतीत झालेली माती.
चौदाला दांडा वीतभर आपोआप खाली गेला.
यल्लप्पाने मशीन बंद केलं.
"ताई, घर लागलं."

वर आली ती दुभंगलेली कांडी.
आत पांढऱ्या सुया, दाट,
आणि मधोमध एक खडा, पोपटी,
ज्याला आजवर कुणी पोपटी म्हटलं नव्हतं.
मी नोंद केली: पोकळी. किंचित ओल.
तक्त्यात रंगाचा रकाना
फक्त दगडासाठी आहे.

"भूगर्भवाल्या बाई, दोन मिनिटं."
मी म्हणाले, खडक चांगला आहे.
बोगदा जाईल. खांबही धरेल.
"म्हणजे नक्की काय?"
"म्हणजे दगडाची हरकत नाही."
सभागृह नाराज झालं.
दोन्ही बाजूंना मी त्यांची वाटत होते.

पुढची तारीख पडली. चहा संपला होता, कप उरले होते.
रेहानाबाई पेटीशी वाकल्या.
"हे कुठलं?"
"तुमच्या जिन्याखालचं. चौदा मीटर."
त्यांनी कांडी उचलली, खिडकीकडे धरली.
बराच वेळ बोलल्या नाहीत.
मग एवढंच, "आणि आम्ही भाडं भरतोय
नुसत्या वरच्याचं."

नमुने द्यायचे नसतात. नियम आहे, सही आहे माझी.
मी पेटीकडे पाठ करून
वही शोधत राहिले, हातातच असलेली.

संध्याकाळी त्या जागी लाकडी ठोकळा बसवला,
रिकामी जागा राखायला ठेवतात तो,
आणि त्यावर लिहिलं, सुवाच्य:
१४.१० ते १४.३०.
गाभा मिळाला नाही.